हायड्रोची लाल बाजू

मिस्त्रींनी फुटकं बेरिंग नव्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. टॉवेल इतका नवा की त्याच्या कडासुद्धा अजून शिवलेल्या नव्हत्या. माझ्या दुकानात लोक जुनी बेरिंगं गोणपाटात आणतात, जेवणाच्या डब्यात आणतात, एकानं तर एकदा पायमोज्यात घालून आणलं होतं. नव्या टॉवेलात कुणी आणत नाही. ग्रीसचा काळा डाग त्या पांढऱ्या कापडावर पसरत चालला होता आणि मला आधी त्याचाच राग आला. खऱ्या गोष्टीचा राग यायला थोडा वेळ लागणार होता.

"बसा," मी म्हणाले.

ते बसले नाहीत. सत्तावन्न-अठ्ठावन्नचं वय, उभ्या अंगाचा माणूस, बोटांच्या पेरांमध्ये कायमचं काळं बसलेलं. एमआयडीसीतल्या एका डाईंगमध्ये तीस वर्षं फिटर. घरी तेलुगू बोलतात, बाहेर आम्हा सगळ्यांसारखं सोलापुरी.

"शेटनी तुमच्याकडं द्यायला सांगितलंय," ते म्हणाले. "ताईंना बघू दे म्हणले, कुणाची चूक हाय ती."

तिथं बेरिंगं जोडीनं लागतात, आणि हे दुसऱ्या जोडीतलं. पहिली जोडी तीन महिन्यांत गेली होती, या जोडीनं दोन महिनेही भरले नव्हते. दोन्ही जोड्या मी निवडल्या होत्या आणि दोन्ही त्यांनी बसवल्या होत्या. म्हणजे चूक आमच्या दोघांपैकी एकाची होती, आणि हे आम्ही दोघंही न बोलता समजून होतो. माझी निघाली तर मला वाईट वाटणार होतं. त्यांची निघाली तर त्यांना घरी बसावं लागणार होतं.

डाईंग म्हणजे सूत रंगवायचा कारखाना. रंगवलेल्या सुताच्या ओल्या लड्या एका मोठ्या टपात भरतात, टप गरगरा फिरवतात आणि पाणी झटकून काढतात. त्या यंत्राला सगळे हायड्रोच म्हणतात. उभा दांडा, दांड्याच्या डोक्यावर भोकाभोकांचा टप, आणि दांडा धरून ठेवणारी बेरिंगं. टपाचं आणि मालाचं वजन दांड्याला खाली दाबतं. शिवाय फिरताना टप एका बाजूला जरा जरी जड असला तरी तो दांड्याला आडवा ओढतो. हे दोन्ही एकदम सोसायचं तर साधं बेरिंग पुरत नाही. तिथं अँग्युलर लागतं.

साध्या बेरिंगात बॉल खोबणीच्या मधोमध बसतो. अँग्युलरमध्ये तो रिंगांना तिरका टेकतो, आणि त्यासाठी रिंगेची एक कड उंच ठेवलेली असते, दुसरी बुटकी. बॉल उंच कडेला टेकून भार घेतो. त्यामुळे या बेरिंगाला उलटं-सुलटं असतं. उलटं बसलं तर बॉल बुटक्या कडेवर चढतो आणि सगळं तासाभरात संपतं. एकटं बेरिंग एकाच बाजूचा दाब घेतं, म्हणून ते जोडीनं लावतात, पाठीला पाठ लावून. बॉलनं किती तिरकं टेकायचं तेही निवडावं लागतं. जास्त तिरका असेल तर खालचं वजन चांगलं पेलतो, कमी तिरका असेल तर आडवी ओढ चांगली पेलतो. भोक दांड्याएवढं, त्यात निवडीला जागा नाही. बाकी सगळं, म्हणजे बेरिंगाची जाडी, बॉलचा आकार, तिरकेपणा, हिशेबानं ठरतं.

तो हिशेब करणं हे माझं काम. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे माझा. वडील बेरिंगं विकायचे, मी बेरिंगं निवडते, असं मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आले आहे. ज्यांना ऐकवलं त्यांतले बरेच जण माझ्यावर वैतागलेले आहेत याचीही मला कल्पना आहे.

या हायड्रोचा हिशेब मी मालकांच्या ऑफिसात बसून केला होता. त्यांनी नवा ड्राइव्ह आणला होता, म्हणजे टप आधी मिनिटाला साडेसातशे फेरे घ्यायचा तो आता हजार घेणार होता आणि सूत लवकर निथळणार होतं. जुनी बेरिंगं भारी मालिकेतली, धिप्पाड, आणि ती तापायची. मी म्हणाले, तापणारच. गरज नसताना एवढं मोठं घेतलं की बॉल फिरायच्या ऐवजी घसरतात. लोक मोठं बेरिंग घेतात कारण मग डोकं चालवावं लागत नाही. त्याच साठ मिलीमीटरच्या भोकाचं, पण हलक्या मालिकेतलं, चाळीस अंशांचं घ्या. हायड्रोत मुख्य भार वजनाचा, तो चाळीस अंशांत छान पेलला जाईल.

मिस्त्री दारात उभे होते. "ताई, जुनं मोठंच राहू द्या की," ते म्हणाले. "टप लई नाचतो."

"नाचतो म्हणजे किती?"

त्यांनी विचार केला. "नाचतो म्हंजे नाचतो की."

"आकडा द्या, मिस्त्री. नाचाचा हिशेब मांडता येत नाही मला."

मालक हसले. मीही हसले. मिस्त्रींनी मान डोलावली आणि कामाला लागले. बेरिंग लहान झालं तर त्याच्या भोवतीची जागा मोठी पडणार, म्हणून त्यांनी लेथवर एक बुश, म्हणजे लोखंडी कडं, करून आत ठोकला, इतका सफाईदार की सांधा बोटाला लागत नव्हता. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, आणि तो मालकांवरचा नाही.

टॉवेल काउंटरवर ठेवून मिस्त्रींनी दुसरी जोडी कशी गेली ते सांगितलं. टप पूर्ण वेगात होता. आवाज आधी भरडल्यासारखा झाला, मग टप कलला आणि बाहेरच्या कवचाला घासायला लागला. ठिणग्या उडाल्या. टप भरणारा गडी होटगीचा, तो ब्रेकच्या दांड्यापाशी होता. पळून गेला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. तो दोन्ही हातांनी ब्रेक दाबून, डोळे मिटून उभा राहिला, टप थांबेपर्यंत.

"पोराबाळांचा मानूस हाय," मिस्त्री म्हणाले. "त्याला काय झालं असतं तर म्या काय तोंड दाखवलं असतं?"

मग ते गेले. टॉवेल तिथंच राहिला.

दुपारी मालकांचा फोन आला. "मॅडम, मी सरळ बोलतो. बेरिंग ओरिजिनल, तुमच्याच दुकानातलं. हिशेब तुमचा, त्यात काय चूक असणार नाही. मग राहिलं काय? हात. मिस्त्रींचे हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. दोन ओळी लिहून द्या, फिटिंग चुकलं म्हणून. सोमवारी मी त्यांना घरी पाठवतो. माणूस मरता मरता वाचलाय इथं."

मालक वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते, आणि त्यांना कारण हवं होतं. मलाही हवं होतं. मी लेटरहेड काढलं. खोटं कशाला सांगू, काढलं. 'बेरिंगची पाहणी केली असता' एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं, कारण पाहणी मी अजून केलीच नव्हती.

बेरिंग रॉकेलमध्ये धुतलं, बाहेरची रिंग, आतली रिंग, बॉल, सगळं सुटं करून खिडकीपाशी मांडलं आणि भिंग घेतलं. मला त्यांची चूक सापडायला हवी होती. इतक्या स्पष्टपणे मी तेव्हा स्वतःशी बोलले नव्हते, पण शोधत तेच होते. उलटं बसवलं असेल तर बुटक्या कडेवर बॉलचे ओरखडे असतील. नव्हते. हातोड्यानं ठोकून बसवलं असेल तर बॉलच्या अंतरा-अंतरावर बारीक खळगे असतील. एकही नव्हता. ग्रीसमध्ये कचरा गेला असेल तर सगळीकडे टोचल्यासारखे ठिपके असतील. तेही नव्हते. माझ्या आयुष्यात मी इतकं स्वच्छ बसवलेलं आणि इतकं वाईट फुटलेलं बेरिंग एकत्र पाहिलं नव्हतं. मी पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा बघितलं.

बाहेरच्या रिंगेवर बॉलची वाट गोल सगळीकडे सारखी उमटली होती. आतल्या रिंगेवर मात्र तसं नव्हतं. तिचा साधारण तिसरा हिस्सा खवले निघाल्यासारखा सोलला होता आणि उरलेला भाग आरशासारखा लखलखीत. आतली रिंग दांड्याबरोबर फिरते. ती एकाच जागी सोलली, याचा अर्थ टपाची एक ठरावीक बाजू सतत जड होती. एका खेपेला नाही, शंभर खेपांना, हजार खेपांना, तीच बाजू. पण दर खेपेला माल वेगळा असतो, भरणारा कधी हा असतो, कधी तो. जड बाजू दरवेळी तीच कशी येईल?

मी भंगाराचा डबा उपसला. पहिली जोडी त्यात होती. ती फुटली तेव्हा मी ती न बघता टाकली होती आणि तशीच नवी जोडी काढून दिली होती. 'पहिली जोडी कधी कधी खराब निघते' असं काहीतरी बोललेही होते. जे मी गिऱ्हाइकांना करू देत नाही ते मी स्वतः केलं होतं.

ती धुतली. तसाच सोललेला तिसरा हिस्सा. आणि दोन्ही जोड्यांच्या आतल्या रिंगेच्या तोंडावर एकेक बारीक टिकली होती, कोरणाऱ्या पेननं केलेली. ही मिस्त्रींची सवय. दांड्याला जिथं चावीची, म्हणजे टप दांड्यावर अडकवणाऱ्या लोखंडी पट्टीची, खाच असते तिच्या रेषेत ते रिंगेवर टिकली करून ठेवतात, पुढं कधी उघडलं तर कसं बसलं होतं ते कळावं म्हणून. एकदा दुकानात मी त्यांना त्यावरून बोलले होते, की नव्या बेरिंगावर नक्षी काढायला ते काय तांब्याचं भांडं आहे? त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि टिकली करणं काही सोडलं नव्हतं. आता दोन्ही रिंगांवर सोललेला भाग टिकलीच्या बरोबर समोर होता. पहिल्या जोडीतही, दुसऱ्या जोडीतही.

मग मी हिशेबाची वही काढली आणि पुन्हा मांडला. वजन बरोबर, वेग बरोबर, सूत्र बरोबर. उत्तर तेच आलं, बेरिंग कित्येक वर्षं टिकेल. कागदावर ते मरतच नव्हतं. मी पेन आपटलं. लेटरहेड तसंच पडलं होतं, चार शब्द लिहिलेलं.

रविवारी सकाळी मी डाईंगमध्ये गेले. याआधी मी तिथल्या ऑफिसात तीन वेळा गेले होते. हायड्रोच्या शेडमध्ये एकदाही गेले नव्हते. जमीन ओली, वाफ, रंगाचा आंबूस वास, आणि कोपऱ्यात मोडलेला हायड्रो उघडा पडलेला. त्याचा टप काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. मिस्त्री माझ्यामागं चालत होते.

मी टपात वाकून बघितलं. आतून रबराचं अस्तर होतं. त्या अस्तराचा अर्धा भाग लाल झालेला होता, वर्षानुवर्षं लाल होत आलेला, आणि अर्धा भाग पांढरट. मधली रेष सरळ, कुणी आखल्यासारखी.

"चावीची खाच कुठल्या बाजूला?"

मिस्त्रींनी पांढऱ्या बाजूला बोट ठेवलं. टिकली पांढऱ्या बाजूची. सोललेला हिस्सा तिच्या समोरचा, म्हणजे लाल बाजूचा.

होटगीचा गडी शेजारच्या दुसऱ्या हायड्रोत लड्या भरत होता. तो जुना होता, जुनंच मोठं बेरिंग, जुनाच वेग. मी त्याला विचारलं, "अर्धा लाल, अर्धा पांढरा कसा झाला टप?"

"आसंच भरतो की आमी," तो म्हणाला. असं विचारणाऱ्या बाईचं त्याला नवल वाटत होतं. "रंगीत हिकडं, पांढरं तिकडं, मदी ताडपत्रीचा पडदा. पुरा टप भरंल येवढं एका रंगाचं सूत कुटं असतंय आता? बारक्या बारक्या ऑर्डरी. मग दोन माल एकदम काढायचे. पन रंगीताच्या जागंवर पांढरं जाऊ देत न्हाय, डाग पडतो. त्याची बाजू ठरल्याली हाय."

"आणि दोन्हीकडं सारखा भरता?"

त्याला जरा राग आला. "म्हंजे काय! मोजून. वीस लड्या हिकडं, वीस तिकडं. येक कमी न्हाय, येक जास्त न्हाय."

मोजून. तोलून नाही. रंगीत सूत चादरीचं, जाड. पांढरं सूत बारीक. जाड सुताची लडी बारीक लडीपेक्षा जड असते आणि पाणीही जास्त धरून ठेवते. वीस आणि वीस सारखे नव्हते. गेली कित्येक वर्षं ही माणसं अगदी चोख मोजून टप एका बाजूला जड करत होती, रोज, त्याच बाजूला. कुणी मला सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटत होतं. आणि मी विचारलं नाही, कारण मी ऑफिसात बसले होते.

"चालू करा," मी म्हणाले.

टप फिरायला लागला. आधी हळू, मग पाणी भोकांतून फवाऱ्यासारखं सुटलं, मग वेग वाढला आणि जमीन हलायला लागली. ती माझ्या तळपायांना कळली. टपाचं तोंड डोळ्यांदेखत लंबगोल फिरत होतं. सगळं यंत्र पायांवर उड्या मारायला लागलं, वरच्या पत्र्यानं थरथर धरली, आणि होटगीचा गडी ब्रेकच्या दांड्यापाशी निवांत उभा होता. रोजचंच होतं त्याला. पण त्याचा एक हात दांड्यावरच होता आणि बोटं आवळलेली होती. मोडलेल्या हायड्रोवर हेच सगळं हजार फेऱ्यांनी चाललं होतं, मी दिलेल्या हलक्या बेरिंगावर, आणि हाच माणूस तिथं उभा होता. मी एक पाऊल पुढं टाकलं, बहुतेक त्याला बाजूला ओढायला, तेवढ्यात मिस्त्रींनी माझं कोपर धरलं आणि मला खांबामागं घेतलं.

"ह्यालाच आमी नाचणं म्हनतो, ताई," ते म्हणाले.

टोमणा नव्हता तो. मला समजावं म्हणून सांगत होते.

टप थांबल्यावर आम्ही फाटकापाशी असलेल्या वजनकाट्यावर दोन्ही ढीग वेगवेगळे तोलले. निथळल्यावरही फरक सहा किलो. दुसरी खेप तोलली, सहाला जरा कमी. माझ्या हिशेबात तो फरक मी दोन किलो धरला होता. तो आकडा कुठून आणला होता? पुस्तकातून नाही, कारखान्यातूनही नाही. नीट भरला तर एवढाच असायला हवा म्हणून आणला होता.

मी लेटरहेडच्याच पाठीवर हिशेब मांडला, वजनकाट्याच्या पत्र्यावर कागद ठेवून. बॉल बेरिंगाचं एक क्रूर सूत्र आहे. भार तिप्पट झाला की आयुष्य तीन पटींनी घटत नाही, ते सत्ताविसाव्या भागावर येतं. दोनचे सहा केले. उत्तर आलं दोन-अडीच महिने. पहिल्यांदा कागदावर बेरिंग मेलं, आणि खरंखुरं मेलं होतं तेव्हाच मेलं.

मिस्त्री शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना माझे आकडे कळत नाहीत, पण माझा चेहरा कळत असणार. मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. "उद्या बोलू," म्हणाले आणि रिक्षात बसले. घरी जाऊन जेवले नाही. मला एवढंच सारखं वाटत होतं की त्यांनी आकडा दिला नव्हता, आणि मीही कुठं दिला होता, मी तर बनवला होता.

सोमवारी ऑफिसात मालक खुर्चीत होते, मिस्त्री दारात. मी पर्समधून कागद काढेपर्यंत मिस्त्री पुढं आले आणि टेबलावर एक किल्ली ठेवली. त्यांच्या हत्यारांच्या कपाटाची.

"शेट, चूक माझीच आसंल," ते म्हणाले. "ताईंचा हिशेब हाय, तो कसा चुकंल? मी लई विचार केला. कुटं चुकलं ते मला कळंना, म्हंजे हातातच काय तरी आलं आसंल. मानसाला सोताचं कळत न्हाय."

त्यांना रविवारी सगळं दिसलं होतं. लाल बाजू दिसली होती, वजनकाटा दिसला होता. तरी त्यांनी माझ्या कागदावर जास्त विश्वास ठेवला होता, तीस वर्षांच्या स्वतःच्या हातांपेक्षा. त्या लेटरहेडवर तर अजून चारच शब्द होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. आवाज चढला माझा, उगाचच, त्यांच्यावरच. "किल्ली उचला ती!" मी म्हणाले. "हात लावू नका टेबलाला. चूक माझी आहे."

मालक खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे?"

"म्हणजे बेरिंग बरोबर बसलं होतं, दोन्ही वेळा. मी ते चुकीचं निवडलं होतं, दोन्ही वेळा. हे मला सांगत होते टप नाचतो म्हणून. मी हसले. तुम्हीही हसलात."

"लिहून देता?" मालक म्हणाले. सवयच त्यांची.

"देते."

तिथंच बसून लिहिलं. बेरिंगची पाहणी केली असता, हे चार शब्द आधीचेच ठेवले. पुढं लिहिलं की बसवण्यात कोणताही दोष आढळला नाही, भाराचा अंदाज माझा चुकला, टपात माल मोजून न भरता तोलून भरावा, आणि तोलूनच भरला जातो अशी खात्री होईपर्यंत वेग जुनाच ठेवावा. सही केली. हा कागद गावात फिरला तर माझ्याकडे हिशेबाला कोण येईल हा विचार सही करताना आला, नाही आला असं नाही. मालकांनी तो दोनदा वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला आणि मिस्त्रींना म्हणाले, "मग बसा की कामाला." माफी कुणी मागितली नाही. मीही नाही. चूक कबूल करणं आणि माफी मागणं यात अंतर असतं, आणि मी त्या दिवशी अर्ध्यावरच थांबले होते.

दोन दिवसांनी मोठं बेरिंग आलं, भारी मालिकेतलं, पंचवीस अंशांचं. मी स्वतः घेऊन गेले. बरोबर तो टॉवेलही नेला. तीनदा धुतला होता, कडा शिवून घेतल्या होत्या, डाग गेला नव्हता. मिस्त्रींनी तो खांद्यावर टाकला.

त्यांनी स्वतः केलेला तो सुंदर बुश स्वतःच ओढून काढला. बेरिंगं तेलात तापत ठेवली होती. तापलं की भोक केसभर मोठं होतं, तेवढ्या वेळात ते दांड्यावरून सरकवून खाली टेकवायचं असतं. एकदा उचललं की थांबायचं नाही. गारठलं तर मध्येच आवळून बसतं, आणि मग ना वर येतं ना खाली जातं, फोडूनच काढावं लागतं.

मिस्त्रींनी जाड हातमोजे घातले, पहिलं बेरिंग तेलातून उचललं, दांड्याच्या तोंडावर आणलं आणि थांबले.

वाफ निघत होती. तेल टपटपत होतं. त्यांनी बेरिंग फिरवून उंच कड बघितली, पुन्हा फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, बाजू बरोबर हाय न्हवं? बघा की जरा."

तीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नसेल. बाजू बरोबर होती. ती मला लांबून दिसत होती, त्यांना हातात दिसत होती. आणि बेरिंग प्रत्येक क्षणाला गार होत होतं. मला 'बरोबर आहे' म्हणता आलं असतं, ते सोपं होतं. पण मग पुढच्या प्रत्येक वेळी ते माझ्याकडंच बघणार होते.

"मला विचारू नका," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे. माझं चुकलं, मिस्त्री, मला माफ करा. बसवा."

ते अजून एक क्षण बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली, दोन्ही हात एकदम खाली नेले, आणि बेरिंग दांड्यावरून सरसर उतरून तळाशी टेकलं. टक् असा बारीक आवाज आला. दुसरं त्यांनी न थांबता बसवलं, पाठीला पाठ लावून. गार होईपर्यंत दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. मग हातमोजे उतरवले, खिशातून कोरायचं पेन काढलं आणि आतल्या रिंगेवर, चावीच्या रेषेत, एक टिकली केली.

त्यांनी टॉवेलाला हात पुसले. बोटं जराही थरथरत नव्हती.

"दोन्ही खेपंला आसंच बसवलं हुतं, ताई," ते म्हणाले.